भाड्याच्या गाडीतून आइसलँड

बालमित्रांनो, जगाच्या नकाशात ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधे एक बेट शोधा. सापडलं? तेच आइसलँड! आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, वस्ती मात्र चार लाखांच्या आत. एकीकडे ज्वालामुखी, दुसरीकडे हिमनद्या. या देशात आगगाडीच नाही. म्हणून बरेच प्रवासी मोटार भाड्याने घेतात आणि 'रिंग रोड'वरून बेटाला वळसा घालतात. हा रस्ता सुमारे १,३०० किलोमीटरचा. तो १९७४ मध्ये पूर्ण झाला.

अशा सहलीची तयारी घरूनच सुरू होते. आई-बाबांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढायचा. सोबत आपला नेहमीचा परवानाही न्यायचा. तुमची उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का? मग तुमच्यासाठी खास आसन आधीच सांगून ठेवायचं. तिथला तो कायदाच आहे.

किल्ली मिळाली की लगेच निघायचं नाही. गाडीभोवती एक फेरी मारायची. कुठे ओरखडा, कुठे पोचा, काचेला तडा? त्याचे फोटो काढायचे आणि करारात नोंद करून घ्यायची. नाहीतर दुसऱ्याने पाडलेल्या पोच्याचा भुर्दंड आपल्याला! हे काम तुम्ही मुलं छान करू शकाल. स्टेपनी आहे ना, इंधन कोणतं, विम्यात काय येत नाही, हेही विचारायचं.

आता रस्त्यावर या. १९६८ पर्यंत तिथेही आपल्यासारखीच वाहनं डावीकडून जात. आता उजवीकडून जातात. दिवे दिवसाही लावावे लागतात. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ८०. डांबर संपून खडी लागते तिथे गाडी घसरते, म्हणून वेग आधीच कमी करायचा. काही पूल एकाच गाडीपुरते असतात. पुलाच्या जवळ असलेल्या गाडीला आधी वाट द्यायची. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या चरतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं, की समजा, कोकरू आता धावणार!

तिथला वारा तर फारच खट्याळ. उघडलेलं दार तो मागे फिरवून मोडतो, आणि हे नुकसान बहुधा विम्यात येत नाही. म्हणून दार दोन्ही हातांनी घट्ट धरूनच उघडायचं.

आणि सर्वांत महत्त्वाचं! रस्ता सोडून गाडी माळावर घालायची नाही. तो गुन्हा आहे आणि त्याला दंडही होतो. तिथल्या थंडीत शेवाळ फार हळू वाढतं. चाकांनी चिरडलेली जागा भरून यायला कित्येक दशकं लागतात.

तेव्हा मुलांनो, मागच्या सीटवर नुसतं झोपू नका. नकाशा उघडा, पाट्या वाचा आणि कोकरू दिसलं की बाबांना सांगा. अडचण आलीच, तर तिथला मदतीचा क्रमांक पाठ ठेवा : ११२.