नेट स्लो आहे, सर!

हॉस्टेलमध्ये नेट स्लो झालं की आपण काय करतो? पिंग मारतो. चार ओळी नीट आल्या की "आपल्याकडं सगळं ओके, पुढंच काहीतरी बोंबललंय" असं म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं. फक्त हॉस्टेलमध्ये नाही, तर पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत. आणि वर लेखी दिलं!

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी तिथं होतो. युरोपातल्या एका सहयोगी संस्थेकडून प्रयोगांचा डेटा यायचा, एकेक संच ५०० जीबीचा. लाइन १ जीबीपीएसची, म्हणजे सव्वा-दीड तासाचं काम. प्रत्यक्षात स्पीड ३० एमबीपीएसच्या वर जाईना. एका संचाला दीड दिवस! सर म्हणाले, "शोध काय ते."

मी शोधलं. शंभर पिंग मारले, एकही हरवला नाही. मग आमच्या लॅबपासून संस्थेच्या गेटवेपर्यंत आयपर्फ चालवला, दोन्ही दिशांनी. ९४० एमबीपीएस! झालं की सिद्ध. आठवड्याच्या रिपोर्टमध्ये ठोकून दिलं, 'दोष पलीकडच्या टोकाला आहे.' सरांनी विश्वास ठेवून तसा मेल केला. तिकडच्या इंजिनिअरनं दोन दिवस स्वतःची यंत्रं तपासली आणि नम्रपणे कळवलं की इथं काही सापडत नाही, तुम्ही पर्फसोनार लावून बघता का?

पर्फसोनार म्हणजे नेटवर्कवर सतत नजर ठेवणारी मोफत सॉफ्टवेअरची पेटी. सर्नच्या एलएचसीचा डेटा जगभर वाटला जातो, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्येही सीएमएस प्रयोगाचं टियर-२ केंद्र आहे. अशा केंद्रांच्या जाळ्यात या पेट्या एकमेकींना दिवसरात्र तपासत असतात. एक जुना पीसी मागून घेतला, घड्याळं एनटीपीनं जुळवली (एकेरी मोजमापाला ती लागतातच) आणि मिनिटाला ६०० छोटी पॅकेट सोडत रात्रभर ठेवून दिला.

सकाळी आकडे पाहिले. १२ तासांत ४,३२,००० पॅकेट, त्यातली २६ गायब. आणि सगळी येणाऱ्या दिशेनं! जाणाऱ्या दिशेला शून्य.

मी म्हटलं, २६ म्हणजे काय, किरकोळ! काका हसले. (नेटवर्क सांभाळणाऱ्यांना तिथं सगळे काकाच म्हणतात.) त्यांनी ईएसनेटच्या लोकांचा २०१३ सालचा एक पेपर काढून दाखवला. १० जीबीपीएसचं एक लाइन कार्ड बिघडत चाललं होतं, दर २२,००० पॅकेटांत १ टाकत होतं. ०.००४६ टक्के! तेवढ्यानं लांबच्या ट्रान्सफरची वाट लागली होती.

असं का होतं? एक पॅकेट हरवलं की टीसीपीला वाटतं रस्त्यात गर्दी झाली. ते वेग एकदम पाडतं आणि मग हळूहळू वाढवतं. वाढवायचं तेही पोच परत आल्यावरच. गेटवेची पोच १ मिलिसेकंदात येते, त्यामुळं पडलं तरी लगेच उठतं. युरोपची पोच यायला दीडशे मिलिसेकंद! उठेपर्यंत पुढचं पॅकेट हरवतं. १९९७ साली मॅथिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं सूत्र दिलं आहे. त्यात ०.००४६ टक्के घालून बघा. १ मिलिसेकंदावर सुमारे १.७ जीबीपीएस निघतात, दीडशेवर फक्त साडेअकरा एमबीपीएस. हल्लीचं क्युबिक यापेक्षा बरं वागतं, पण आपटतं तेही.

म्हणजे माझी ९४० ची टेस्ट पास झाली म्हणून आमची बाजू स्वच्छ ठरत नव्हती. दोष आमच्या दारात असता तरी ती पासच झाली असती. आणि शंभर पिंगमध्ये असली गळती दिसणार कुठून?

दुसऱ्या रात्री गेटवे ते लॅब एवढ्याच तुकड्यावर पॅकेट सोडली. तीच दिशा, तेवढीच गळती. काकांनी लॅबच्या स्विचवर पोर्टचा सीआरसी काउंटर उघडला. सावकाश वाढत होता. तो पहिल्याच दिवशी बघता आला असता, पण मी स्विचमध्ये डोकावलोच नव्हतो.

"ही फायबर कोणी हलवली?" काकांनी विचारलं.

मीच. पहिल्या आठवड्यात मशीन दुसऱ्या रॅकमध्ये नेताना. कनेक्टरची टोपी हरवली होती, आणि टोक धुळीचं दिसलं म्हणून मी ते शर्टानं पुसून लावलं होतं...

काका काहीच बोलले नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद घेऊन दोन्ही टोकं पुसली, स्कोपमधून मला दाखवली आणि परत लावली. काउंटर थांबला. दुपारचा संच ऐंशी मिनिटांत उतरला. मला आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात तो मेलच घोळत होता.

माफीचा मेल मीच लिहायचा, असं सरांनी सांगितलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवला. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं: ग्राफ पाठवा, आमच्या मुलांना दाखवायचाय.

ग्राफ पाठवला. पेटी अजून चालू आहे. पहिला चुकीचा रिपोर्ट सरांनी प्रोजेक्ट फाइलला तसाच जोडायला लावला, आणि व्हायवात एक्स्टर्नलनी नेमकं तेच पान उघडलं!