पोच

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संस्थेचा निरोप आला, तेव्हा आम्हां तिघा भावंडांना एकच प्रसंग आठवला. या वसतिगृहाने आम्हांला दोन वेळचे अन्न दिले, अक्षर दिले, पहाटेच्या वंदनेची शिस्त दिली. त्याविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. आम्हांला लिहावयाचे आहे ते एका कागदाविषयी.

धाकट्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. परंतु मुदतीत जातवैधता प्रमाणपत्र सादर न केल्यास तो रद्द होणार होता. जातीचा दाखला घरात होता. तेवढ्याने भागत नाही, हे आम्हांला तेव्हा प्रथमच कळले. आपला दावा खरा आहे हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने अर्जदारावरच टाकला आहे आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आमच्याकडे ना शेत, ना घराचा जुना उतारा. आजोबा गावच्या शाळेत दोन इयत्ता शिकले होते, एवढाच काय तो आधार.

बाबा मजुरी बुडवून चार वेळा त्या शाळेत गेले. ‘जुने रजिस्टर सापडत नाही,’ हेच उत्तर चारही वेळा मिळाले. चौथ्या खेपेनंतर ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, “आपल्या नशिबात नाही.” बाबांच्या तोंडून असे शब्द आम्ही कधी ऐकले नव्हते.

आम्ही धावलो ते वसतिगृहाच्या अधीक्षक सरांकडे. सरांनी शांतपणे विचारले, “नाही म्हणाले, ते लिहून दिले का?” आम्ही गप्प. त्यांनी आम्हांकडूनच अर्ज लिहवून घेतला : २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांचे तिकीट लावून, १९५० पूर्वीच्या दाखल-खारीज रजिस्टरची पाहणी आणि नक्कल मिळावी म्हणून. “दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर सही, शिक्का, तारीख घ्या. पोच हातात आल्याशिवाय परतू नका.”

तोंडी विनवणीला जे उत्तर नव्हते, ते पोच घेतलेल्या अर्जाला तीस दिवसांच्या आत मिळाले. जुनी रजिस्टरे केंद्रशाळेच्या कपाटात ठेवलेली होती. पिवळ्या पडलेल्या पानावर आजोबांचे नाव सापडले आणि त्यापुढे ती जात. १९५६ च्या दीक्षेनंतर आमच्या घराने जे नाव मागे टाकले, तेच आता आम्ही बोटाने शोधत होतो. बाबा पानावरून हात फिरवीत बराच वेळ उभे राहिले. अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तरी मूळ जातीचा पुरावा अजूनही द्यावाच लागतो. त्या दिवशी आम्हांला आनंदही झाला आणि काहीसे टोचलेही.

अडचण संपली नव्हती. आजोबांच्या नावापुढे आडनावच नव्हते. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडून वकील मिळाले, तेही विनामूल्य. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, ही मदत मिळू शकते. त्यांनी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करून दिले, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे त्यात मांडले. प्रमाणपत्र मुदतीच्या सहा दिवस आधी हाती पडले. पुढे तोच कागद चुलत भावंडांनाही उपयोगी पडला. कारण वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाची वैधता हा भक्कम पुरावा मानला जातो.

तेव्हापासून आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. वारसनोंद असो, शिधापत्रिका असो की मजुरीची थकबाकी, प्रत्येक अर्जाची पोच तीत जाते. सर्वच प्रकरणे सुटली असे नाही. परंतु ‘नशिबात नाही’ हे वाक्य त्या घरात पुन्हा उच्चारले गेले नाही.

जाता जाता पालकांना एक विनंती. मुलाला येथे दाखल करताना नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जात स्वतः वाचून, अक्षर न् अक्षर तपासून मगच सही करावी. आणि संस्थेलाही विनंती, की आपली रजिस्टरे वाळवीपासून जपावीत. कुणाचे तरी नातवंड पन्नास वर्षांनी त्यांतील एका ओळीसाठी या दारात उभे राहील.