विंगेतला प्रॉम्प्टर

विज्ञानकथेचे वेड मला शाळेपासूनचे. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले, ही हकीकत मी मैत्रिणींना इतक्यांदा ऐकवली आहे की, "तू परीक्षक होतीस का गं?" असे त्या विचारतात. यंत्रमानव, परग्रह, काळप्रवास, मला काहीच वर्ज्य नाही. पण हे सारे पुस्तकात नाहीतर पडद्यावर. रंगमंचावरची विज्ञानकथा म्हणजे स्नेहसंमेलनात अंगाला पत्र्याचे डबे बांधून ठोकळ्यासारखा चालणारा एखादा विद्यार्थी, एवढीच माझी कल्पना होती. ती गेल्या उन्हाळ्यात बदलली; आणि बदलली ती ग्वाल्हेरला, आजीच्या खोलीत.

आमचे मूळ घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला तिथेच पुढे शहर वसले, म्हणून नाव लष्कर. फौजेमागोमाग मराठी घरे आली आणि तिथलीच झाली. माझे शालेय शिक्षण तिथेच, हिंदी माध्यमातून झाले. बाबांची बदली झाली म्हणून आम्ही बेळगावला आलो आणि मी आपल्या कॉलेजात दाखल झाले. सुट्टी लागली की गोवा एक्स्प्रेस पकडायची आणि आजीकडे जायचे, हा आमचा नेम.

गेल्या सुट्टीत मात्र आजी अंथरुणाला खिळलेली होती. काचबिंदूने दृष्टी आधीच गेली होती, आता हृदयही थकले होते. डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन काय सांगायचे ते सांगितले होते. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या दुपारी! बाहेर लू वाहते आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडकीतला कूलर घरघरतो आहे. या दुपारची पाळी माझ्याकडे होती. आजीची मागणी एकच, "तांबे वाच."

तांबे म्हणजे भा. रा. तांबे, ग्वाल्हेरचे राजकवी. 1941 साली ते ग्वाल्हेरलाच वारले. आजीला त्यांच्या कितीतरी कविता पाठ होत्या, तरी तिला त्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या असत. आणि वाचणारी कोण? तर मी! अर्धे शब्द कळत नसत, आणि 'ळ' म्हणताना जीभ हटकून 'ल' कडे वळे. हिंदीत 'ळ' नाही, आणि घरात मराठी बोलूनही आम्हा भावंडांच्या तोंडून तो केव्हाच निसटला होता. आजी डोळे मिटून ऐकत असे आणि मध्येच म्हणे, "जीभ मागे ने. पुन्हा म्हण." कवितेचे मला काही वाटत नसे. चूक दाखवली की रागही येई. मरणाच्या दारातल्या माणसाला 'ळ' ची एवढी काय पडली आहे, असेही मनात येऊन जाई. आज ते लिहिताना लाज वाटते.

त्याच दिवसांत, पुण्याला जपानी शिकणाऱ्या माझ्या आतेभावाने एका नाटकाचे चित्रीकरण पाठवले. नाटकाचे नाव 'सायोनारा'. नाटककार-दिग्दर्शक ओरिझा हिराता. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. त्यातल्या एका पात्राचे काम चक्क यंत्राने केले आहे! ओसाका विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी इशिगुरो यांनी एका खऱ्या तरुणीच्या रूपावरून 'जेमिनॉइड एफ' हा बाईच्या आकाराचा यंत्रमानव घडवला, आणि 2010 मध्ये तो या नाटकात उभा राहिला. उभा राहिला म्हणणेही खरे नाही, कारण त्याला चालता येत नाही. तो खुर्चीवर बसतो, मान वळवतो, पापण्या मिटतो, ओठ हलवतो.

कथानक दोन ओळींचे. एक तरुणी असाध्य आजाराने मरणाच्या वाटेवर आहे. तिला कविता वाचून दाखवण्यासाठी वडिलांनी हा यंत्रमानव आणला आहे. ती ऐकते, तो म्हणतो. तानिकावांसारख्या जपानी कवीची कविता येते, फ्रेंच रँबोची येते. युद्ध नाही, स्फोट नाही, यंत्राचे बंड नाही. तरुणीचे काम ब्रायरली लाँग या अभिनेत्रीने केले आहे. दोघी नुसत्या बसून हळू आवाजात बोलतात. आणि माझ्या अंगावर काटा आला! 'रोबो' हा शब्दच मुळी रंगभूमीने जगाला दिला. कारेल चापेकच्या 1920 सालच्या नाटकात तो प्रथम आला, वेठबिगार या अर्थाच्या चेक शब्दावरून. तिथले रोबो माणसांवर उलटतात. नव्वद वर्षांनी त्यांच्यातलीच एक मरणाऱ्या मुलीच्या उशाशी कविता म्हणत बसली आहे. विज्ञानकथा इतकी शांत असू शकते हे मला ठाऊकच नव्हते.

मी उठून आजीला सारे सांगू लागले. तिला दिसत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. तिने विचारले, "यंत्र बोलते म्हणजे आवाज कुणाचा?" मी सांगितले, पडद्यामागे एक अभिनेत्री बसते. ती बोलते, मान हलवते, तसे यंत्र करते.

"म्हणजे प्रॉम्प्टर आत बसला आहे की!" आजी कितीतरी दिवसांनी हसली. आजोबा गणेशोत्सवातल्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. जन्मभर विंगेत उभे राहून त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घातले, पण टाळी कधी घेतली नाही. मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "गोड म्हणते गं. पण तिचे चुकत नाही का कधी? तिला ठसका लागत नाही?"

नाही, म्हणाले मी.

"मग त्या पोरीने करायचे काय? नुसते ऐकायचे?"

मी गप्प झाले. नाटक पाहताना मला एकच प्रश्न पडला होता. कविता न कळणारे यंत्र दिलासा देऊ शकते का? तसे पाहिले तर मीही यंत्रच होते, न कळता वाचणारे. आजीने प्रश्न उलटा केला. ऐकणाऱ्याला काही करायला उरते का? माझ्या चुका सुधारताना ती रुग्ण नसे. त्या अर्ध्या तासात ती पुन्हा घरातली कर्ती बाई असे. माझा 'ळ' सुधारणे हे तिला उरलेले एकमेव काम होते, आणि मी त्यावर रागावत होते!

मार्च 2011 मध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला. त्यानंतर हिरातांनी नाटकाला दुसरा भाग जोडला. त्यात मुलगी उरलेली नाही, आणि त्या यंत्राला फुकुशिमाला पाठवायचे ठरते. माणसाला पाऊल टाकता येत नाही अशा जागी त्याने मृतांसाठी कविता म्हणत राहायचे. हा भाग मी आजीला सांगितला नाही.

जूनमध्ये मी परत आले. माझ्या बाकावरची मैत्रीण घरी कन्नड बोलते. कन्नडात 'ळ' जागोजागी. तिने हसत हसत मला तो शिकवला आणि महिनाभर घोटून घेतला. फोनवर आजीला म्हणून दाखवणार होते, समोर जाऊनच म्हणू असे ठरवून थांबले. श्रावणात आजी गेली.

दिवाळीत ग्वाल्हेरला गेले. खोली आवरलेली होती, खाट काढली होती. फळीवर तांब्यांचे पुस्तक तसेच होते. दार लावून मी मोठ्याने दोन कविता वाचल्या. 'ळ' एकदाही चुकला नाही. तरी सवयीने प्रत्येक 'ळ' पाशी थोडी थांबत होते.