कंठापासून ओठांपर्यंत

प्रिय सुनंदा,


अबुधाबीत सगळं हिंदी-इंग्रजीवर निभतं, मग या वयात अरबी कशाला, असं तू विचारलंस. निभतं हे खरंच. अल रीम आयलंडवर आमच्या इमारतीखालचा किराणावाला केरळचा, टॅक्सीवाला पेशावरचा. सरळ जायचं असलं की इथले अरबसुद्धा टॅक्सीवाल्याला ‘सीदा’ म्हणतात. पण सोरबोन विद्यापीठाच्या बाजूला संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा मगरिबची बांग कानावर पडते. इतकी वर्षं ती रोज ऐकायची आणि तिच्यातलं काही कळायचं नाही, याचं मला वाईट वाटायचं.

लेकीच्या शाळेत अरबी आहेच. इथल्या खासगी शाळांत परदेशी मुलांनाही ती शिकावी लागते, इस्लामी शिक्षणाचा तास मात्र फक्त मुसलमान मुलांना. मुलांपुरती ही वाटणी मला अगदी योग्य वाटते. पण मोठ्या माणसाने अरबीचा अभ्यास करायचा तर भाषा एकीकडे आणि दीन, म्हणजे धर्म, एकीकडे असं करता येत नाही, असं माझं ठाम मत झालंय. आणि ते तुलाही पटावं, म्हणून हे लांबलचक पत्र.

माझ्या उस्ताझा, म्हणजे अरबीच्या शिक्षिका, सुदानच्या; आमच्याच इमारतीत राहतात. टेबलावर लाकडी रेहाल, म्हणजे पोथीची घडवंची, आणि त्यावर मुसहफ, म्हणजे कुराणाची प्रत. वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, केल्याशिवाय त्या त्याला हात लावत नाहीत, आणि माझं पाठ्यपुस्तक चुकूनही त्याच्यावर ठेवू देत नाहीत. पहिले कित्येक धडे त्यांनी मला शब्द दिलेच नाहीत. गळ्यावर बोट ठेवायला लावायच्या आणि अक्षरं म्हणून घ्यायच्या. हम्ज़ा आणि साधा ‘ह’ घशाच्या तळातून, ‘ऐन’ आणि जड ‘ह’ मधून, ‘ग़ैन’ आणि ‘ख़’ वरून. हे झाल्यावर जीभ, मग ओठ. अगं, हे तर आपलं कंठ्य, तालव्य, दन्त्य, ओष्ठ्य!

मग खलील इब्न अहमद भेटला. आठव्या शतकातला, मूळचा ओमानचा मानतात, बसऱ्यात शिकवायचा. अरबीतला पहिला शब्दकोश त्याचा. आणि त्यातली अक्षरं नेहमीच्या अलिफ-बे क्रमाने लावलेली नाहीत, घशापासून ओठांकडे लावली आहेत. सुरुवात ‘ऐन’ने, म्हणून कोशाचं नावच ‘किताब अल-ऐन’. ही कल्पना भारतातून गेली की त्याची स्वतःची, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वादापेक्षा साम्य मोलाचं वाटतं. वेदपाठात स्वर ढळू नये म्हणून आपल्याकडे शिक्षा आणि व्याकरण ही वेदांगं झाली. कुराणाचं पठण बिघडू नये ही काळजी अरबी व्याकरणाच्याही मुळाशी आहे. ते व्याकरण बांधून काढणारा सीबवय्हि हा खलीलचाच शिष्य, आणि तो जन्माने अरब नव्हता, इराणी होता. परक्याने इतकं जीव ओतून शिकावं, याने मला फार धीर येतो.

पठणाच्या शास्त्राला तजवीद म्हणतात. त्यातला एक नियम तुझ्या मुलांना जरूर सांग: ‘न्’पुढे ‘ब’ आला की ‘न्’चा ‘म्’ होतो. लिहायचं ‘मिन् बअद’, म्हणायचं ‘मिम् बअद’. ‘अंबा’मध्ये आपण रोज हेच करतो. अरबीत द्विवचनही आहे बरं का, जे संस्कृतात आहे आणि मराठीने टाकून दिलं.

तुला धास्ती वाटली असेल तर सांगते, उस्ताझांनी मला कधी धर्माचा आग्रह केलेला नाही. उलट मी अथर्वशीर्ष म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला: हे तुला कुणी शिकवलं, आणि त्यांना कुणी? त्यांच्याकडे पठणाची इजाज़ा, म्हणजे शिकवायची परवानगी, मिळते ती अशीच, गुरूचा गुरू, त्याचा गुरू, थेट पैगंबरांपर्यंत नावं सांगत. मला आजीच्या पलीकडे एकही नाव सांगता आलं नाही.

म्हणून एक काम सांगते. वाईत तुझ्या ओळखीचे जे घनपाठी आहेत, त्यांच्याकडून एखादी ऋचा पदपाठ, क्रमपाठ आणि घनपाठ अशी ओळीने म्हणून घे आणि रेकॉर्डिंग पाठव. त्यांच्या गुरुपरंपरेची नावंही, आठवतील तेवढी, लिहून घे. उस्ताझांना ती आधी हवी आहेत.

तुझी,
मीना