आजोबांची ट्रंक

पाचवीत या वसतिगृहात आलो, तेव्हा आम्हा भावंडांचे सामान आजोबांच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत होते. १९४१ मध्ये बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये ते तरुणपणी भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी रजा काढून ते आजीसह नागपूरला गेले व बाबासाहेबांच्या साक्षीने धम्मदीक्षा घेऊन परतले. लढाईविषयी ते क्वचितच बोलत. पेन्शन हाती आली की पहिला वाटा मात्र आमच्या शिक्षणासाठी बाजूला काढत.

इतरांच्या नव्या पेट्या पाहून आम्हाला त्या ट्रंकेची लाज वाटली. तिच्यावरील त्यांचे नाव व सैनिक क्रमांक आम्ही निळ्या रंगाने झाकून टाकले. पालक भेटीला आले त्या दिवशी त्यांनी ते पाहिले, झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाले, "रंग चांगला बसलाय."

त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. पुण्यानुमोदनानंतर आम्ही सर्वांनी तो रंग खरवडला. नाव दिसू लागले. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मात्र रंगाबरोबर निघून गेले. त्यांची क्षमा मागायची राहिली होती. ज्या शाळेसाठी त्यांनी आपली पेन्शन वेचली, तिच्याच स्मरणिकेत ती आज मागत आहोत.