बक्षिसांची नावे

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत संगीत ऐकण्याच्या एका यंत्राविषयी लिहावे की नाही, याचा आम्ही दोघा भावांनी बराच विचार केला. स्मरणिकेत गुरुजनांचे ऋण, वसतिगृहातील दिवस, संस्थेची वाटचाल हे विषय येतात आणि ते यायलाच हवेत. परंतु या यंत्राच्या निमित्ताने आमच्या घरात जे काम सुरू झाले आहे, त्याचा संबंध येथे शिकून गेलेल्या पुष्कळ घरांशी आहे, असे आम्हांस वाटले. म्हणून हा लेख.

यंत्र म्हणजे तळहातावर मावेल एवढी डबी. बाजारात तिला नेटवर्क स्ट्रीमर म्हणतात. घरातील राउटरला ती तारेने जोडली आहे. राउटरशेजारीच एका लहान संगणकाच्या हार्ड डिस्कवर गाणी साठवलेली आहेत. मोबाइलवर गाण्याच्या नावावर बोट ठेवले की मोबाइल केवळ आज्ञा देतो. गाणे त्याच्यातून जात नाही. डबी ते आकड्यांच्या रूपात हार्ड डिस्कवरून मागवून घेते, त्या आकड्यांची विजेची लहर करते, ती लहर ॲम्प्लिफायरकडे जाते आणि स्पीकर वाजू लागतो. गाणी घरातच असल्यामुळे या व्यवहाराला इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर इंटरनेट दोन-दोन दिवस नसते, तेव्हाही घरातले गाणे घरात वाजते. वीज तेवढी हवी. घर चिऱ्याचे. त्या जाड भिंतींतून वाय-फाय मागच्या पडवीपर्यंत नीट पोहोचेना, म्हणून कौलांखालून वाशांना धरून तार नेली. पडवीत आईची खाट आहे, आणि ही सारी खटपट तिच्यासाठीच होती.

वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गीते ऐकण्यासाठी एवढे करण्याची गरज नव्हती. ती आज कोणत्याही मोबाइलवर मिळतात. १९२२ मध्ये जन्मलेल्या आणि २००४ मध्ये निवर्तलेल्या वामनदादांनी गावोगाव फिरून जी गीते दिली, ती दूरदेशी गेलेल्या आपल्या मुलांनाही आता एका क्षणात ऐकता येतात, हे थोडे नव्हे. पण १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांनी जे जलसे उभे केले, त्यांची परंपरा केवळ नामवंतांच्या जोरावर टिकलेली नाही. प्रत्येक वाडीत एक ढोलकीवाला, एक पेटीवाला आणि दिवसभर राबून रात्री गाणारा एक गळा होता. त्यांची ध्वनिमुद्रिका कोणी काढली नाही. आमच्याकडे जे आहे, ते त्यांचे आहे.

आमचे वडील मुंबईत गोदीत कामाला होते. १९८०च्या दशकात त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि १४ एप्रिलची जयंती असो, २० मार्चचा महाडचा कार्यक्रम असो की वाडीतील कव्वालीचा सामना असो, तो खांद्याला लावून ते जात. स्टेजच्या पायाशी बसत आणि एक बाजू संपली की कॅसेट उलटत. अशा २३ कॅसेट त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले. आमच्या घराची अर्धी कौले गेली, वीज कित्येक दिवस आली नाही. ट्रंक कोरडी राहिली. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात ती उघडून पाहिली, तेव्हा कॅसेटच्या खिडक्यांतून पांढरी बुरशी दिसत होती. वादळाने जे नेले नव्हते, ते खारी दमट हवा हळूहळू नेत होती. वडील तोवर आमच्यात नव्हते.

कॅसेट उतरवून घेणे हे चिकाटीचे काम आहे. फीत स्पिरिटने पुसलेल्या हेडवरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने जाते; ६० मिनिटांची कॅसेट ६० मिनिटेच घेते, तिला घाई चालत नाही. संगणक त्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतो. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करण्यासाठी मापे त्याच्या दुपटीहून अधिक लागतात, म्हणून हा आकडा. अशी एक कॅसेट सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. एमपी-थ्री केली तर फारच थोड्या जागेत बसते, पण ते करताना कानाला सहसा जाणवणार नाही असे मानलेले आवाज काढून टाकले जातात. आम्ही २००१ पासून प्रचारात असलेला फ्लॅक हा प्रकार निवडला. तो जागा वाचवतो, पण मूळ आकड्यांपैकी एकही टाकत नाही.

वेगाचाही प्रश्न होता. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला असेल तर फितीवर वेग चुकीचा उमटतो आणि गायकाचा आवाज पोरगेला किंवा घोगरा होतो. खरा वेग कोणता हे वाडीच्या विहारातील जुन्या पेटीने सांगितले. पेटीचे सूर ठरलेले असतात. फितीतल्या पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळू लागला की समजावे, वेग चुकला आहे. तो सूर पट्टीवर आणून बसवला की गायकही आपल्या जागी येऊन बसतो.

गाणी डबीवर लावली, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक गाण्याखाली एकच शब्द येत होता: अनोळखी. यंत्राचा यात दोष नाही. फाइलमध्ये नाव लिहिलेले असेल तर ते दाखवते. नसेल तर त्याला गायक अनोळखी. पण ज्यांच्या पूर्वजांची नावे शतकानुशतके कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या घरात, त्यांच्याच माणसांच्या आवाजाखाली हा शब्द पाहणे आम्हांला जड गेले.

नावे सापडली ती गाण्यांत नव्हे, गाण्यांच्या मधल्या गोंगाटात. कडवे संपले की ढोलकी थांबते, खाकरणे ऐकू येते आणि माइकवरून कोणीतरी पुकारतो की अमक्या वाडीच्या अमक्याकडून गायकाला दोन रुपये बक्षीस, तमक्या बाईंकडून एक रुपया. कधी पुकारणारा माइकपासून दूर असतो आणि नाव कर्ण्याच्या खरखरीत बुडालेले असते. गाणी सुटी करून मधला भाग कापून टाकावा, म्हणजे ऐकायला बरे, असे एका जाणकार स्नेह्याने सुचविले होते. आम्ही ते मानले नाही. कॅसेटची प्रत्येक बाजू अखंड ठेवली आणि गाणे कोठे सुरू होते एवढ्या खुणा केल्या.

येथे शाळेची आठवण अपरिहार्यपणे येते. आमच्या तुकडीची सहल कुडे लेण्यांना गेली होती. राजपुरी खाडीच्या बाजूला, मांदाडजवळची ही २६ लेणी बोटीतून जंजिरा पाहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतात. ब्राह्मी अक्षरांवरून बोट फिरवीत गुरुजींनी सांगितले होते की, ही दानाची नावे आहेत. महाभोज घराण्यातील दाते आहेत, तसाच फुलांचा व्यवसाय करणारा एक माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्खुणी आहे. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी ज्याने जे दिले, ते त्याच्या नावाने दगडात राहिले आणि माळ्याचे नाव राजघराण्याच्या नावासारख्याच अक्षरांत राहिले. त्या वयात आम्हांला डब्यातल्या भाकरीची ओढ अधिक होती. आज पडवीत बसून दोन रुपयांचे बक्षीस ऐकताना त्या भिंती समोर येतात. हातावर पोट असलेल्या माणसाने त्या काळी दिलेले दोन रुपये हे दानच होते, आणि माइकवरून नाव पुकारणारा त्याचा शिलालेखच कोरीत होता. फक्त दगडाऐवजी त्याच्याजवळ हवा होती.

आई ७९ वर्षांची आहे. तिला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. फ्लॅक आणि एमपी-थ्री यांतील फरक तिच्या कानांपर्यंत पोहोचत नसेल. तरी गाणे सुरू होण्याआधी गायकाने घेतलेल्या श्वासावरून ती हात वर करते आणि म्हणते, "थांब रे, हा कोण ते मला ठाव हाय." मग नाव येते, वाडी येते, कोणाचा जावई ते येते, कोणत्या साली वारला ते येते. आमच्यापैकी एक लिहून घेतो, दुसरा ते फाइलमध्ये भरतो आणि पडद्यावरचा 'अनोळखी' पुसला जातो. आतापर्यंत ३१ बाजू उतरल्या. ६४ नावे मिळाली. ती येथे छापलेली नाहीत, कारण त्या त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय छापणे योग्य नव्हे. पण दोन घरची नातवंडे येऊन आजोबांना ऐकून गेली आहेत. त्यांतील एका मुलीने आजोबा कधी पाहिलेच नव्हते. ती गाण्याला काही बोलली नाही; बक्षीस मिळाल्यावर आजोबा "जय भीम" म्हणतात, तेवढे तिने तीनदा लावायला सांगितले.

वसतिगृहात आम्हांला शिकविले गेले की, शिष्याला पालीत सावक म्हणतात, म्हणजे ऐकणारा. तथागतांचे वचन कित्येक पिढ्या कानांनी आणि कंठांनीच जपले, मग ते लिहिले गेले. ऐकणाऱ्याने ऐकले होते, म्हणून लिहिणाऱ्याला काही लिहिता आले. आपल्या घरांत ऐकणारी पिढी अजून आहे, आणि लिहिणारी पिढी या शाळेने घडविली आहे. दोघी एका पडवीत किती वर्षे एकत्र असतील, हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी बंधु-भगिनींना आणि पालकांना विनंती एवढीच की, माळ्यावरची ट्रंक उघडावी. महागडे यंत्र नसले तरी चालेल. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, साधा संगणक आणि घरातील सर्वांत वृद्ध माणूस पुरे. मधला गोंगाट कापू नये.

आमच्याकडे १५ बाजू उरल्या आहेत. बुरशी पावसाळ्यात वाढते. मृगापूर्वी त्या उतरवून आईला ऐकवायच्या आहेत.

जय भीम.