चाचांना गर्व झाला नव्हता

माझे धाकटे चाचा प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांत मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, मास्तर आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. सलामचं उत्तर देतात ते ऐकू येत नाही. कुणी विनोद केला तर चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. कुणी म्हणे, पेन्शनचा गर्व. एका खालाजाननी 'असर' झाल्याचं ठरवून आमिलाकडून तावीज आणला. उजव्या हाताबद्दल मात्र सगळे चांगलं बोलत. चाचा शांत बसले की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूहळू फिरत राहायची. मास्तरांचा जिक्र तस्बीहशिवायही चालू असतो, असं लोक कौतुकानं सांगत.

वैद्यकाच्या पुस्तकांत याच हालचालीला 'गोळी वळणं' म्हणतात. जुने औषधवाले बोटांत गोळी वळायचे, त्यावरून. हा पार्किन्सन्सचा कंप.

मशिदीचा हिशेब चाचांकडे होता. ती वही मी पाहिली आहे. ओळ सुरू होताना अक्षर ठसठशीत, ओळ संपताना मुंगीएवढं. कमिटीतले लोक थट्टा करत, मास्तर कागद वाचवतात! त्याच्याही कितीतरी आधी, एका ईदला, चाचा कुरकुरले होते, "अत्तर में अब पैले का दम नै रह्या." अत्तर तेच होतं. वास कळेनासा होणं, बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नातल्या भांडणाबरोबर हातपाय झाडणं, या गोष्टी कंपाच्या पाच-दहा वर्षं आधीही दिसू शकतात. पण अत्तराच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे कोण जातं?

मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केलं ते रक्त तपासून नव्हे. त्यांनी चाचांना अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितली. पहिले तीन-चार वेळा बोटं नीट उघडली, मग अंतर कमी कमी होत गेलं, अगदी वहीतल्या अक्षरासारखं. हात धरून कोपरात वाकवला तर तो दातेरी चाकासारखा अडकत अडकत वाकला. चालायला लावलं तेव्हा डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटून होता. पार्किन्सन्स बहुधा असा एका बाजूनं येतो. त्याचं मुख्य लक्षणही कंप नव्हे, मंदावलेली हालचाल आहे. कित्येकांना कंप होतच नाही. उलट कप उचलताना, सही करताना हात थरथरतो तो बहुतेकदा वेगळाच आजार असतो. पार्किन्सन्सचा हात मांडीवर निवांत असताना हलतो आणि कामाला लागला की बराचसा थांबतो.

डॉक्टरांचा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटला: चक्करेच्या गोळ्या किती दिवस घेताय? सिनारिझीन, फ्लुनारिझीन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मनोविकारांवरची काही औषधं दीर्घकाळ घेतली तर हुबेहूब अशीच लक्षणं येऊ शकतात, आणि औषध थांबवल्यावर पुष्कळदा ती ओसरतात. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं तीच गोळी घेणारे घरोघर आहेत. चाचा त्यांतले नव्हते.

मग कशानं झालं? 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी मोजक्या रुग्णांवरून हा आजार लिहून ठेवला. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो, तिथे डोपामिन तयार होतं, हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन. त्या पेशी मरत जातात. का मरतात, याचं एकच उत्तर नाही. वय हे सर्वांत मोठं कारण, थोड्या घरांत जनुकं, पॅराक्वाटसारख्या शेतीतल्या विषांशी संबंध दिसतो, डोक्याला झालेल्या इजांशीही. महंमद अलींना 1984 मध्ये हा आजार असल्याचं सांगितलं गेलं तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. ठोशांमुळेच झाला का, हा वाद आजही मिटलेला नाही. तावीज आणणाऱ्या खालाजाननी मला विचारलं, "म्हणजे मास्तरांनी काही वाईट केलं म्हणून नाही?" नाही, खाला.

लेव्होडोपाच्या गोळ्यांनी चाचांचा चेहरा परत आला. ते हसले तेव्हा चाची स्वयंपाकघरात जाऊन रडली.

खरी कसोटी रमजानची. लेव्होडोपा रक्तात फार तर काही तास टिकतं, म्हणून दर चार तासांनी गोळी. उन्हाळ्यातला रोजा चौदा तासांचा. चाचा म्हणाले, बारा वर्षांचा असल्यापासून एक रोजा सोडला नाही, आता सोडू? चौथ्या रोज्याला असरच्या नमाजात ते सजद्यात गेले आणि उठेचनात. शुद्धीवर होते, ऐकत होते, शरीर हुकूम मानत नव्हतं. सफ उभी राहिली, चाचा जमिनीवरच. डॉक्टर चिडले. ही गोळी अचानक बंद केली तर ताप चढून, अंग ताठून जिवावर बेतू शकतं.

आमचं कुणाचं चाचा ऐकेनात. शेवटी इमामसाहेब घरी आले. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला दिलेली सवलत त्यांनी सावकाश समजावली. बरं न होणाऱ्या आजारात रोज्यामागे एका गरजूला जेवण, तो फिदिया. "अल्लाहनं दिलेली सवलत नाकारायची, हे कुठून शिकलात मास्तर?" चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गोळी किती वाजता?

आता ते खुर्चीवर नमाज पढतात. गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण खिम्यातली, अंड्यातली प्रथिनं तिच्या आड येतात. घराच्या दारात अजून पाय जमिनीला खिळतात. मशिदीत मात्र तसं होत नाही. तिथल्या जाजमावर सफेच्या पट्ट्या आहेत आणि चाचा एकेक पट्टी ओलांडत थेट पुढे जातात. जमिनीवर रेषा दिसली की अडलेलं पाऊल सुटतं, असं डॉक्टरांनीही सांगितलं. म्हणून चाचीनं उंबऱ्यापासून मोरीपर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत, एका पावलाच्या अंतरानं. दर महिन्याला त्या उखडतात आणि ती पुन्हा लावते.